बिनपगारी प्राध्यापिका : मारिया गोपर्ट-मायर

फेब्रुवारी महिना उजाडला की शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिनाची गडबड सुरू होते. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला शोध जाहीर केला, हे आता पाचवीतली मुलेसुद्धा सांगतात. पण त्याच्या आठच दिवस आधी, २० फेब्रुवारीला, आणखी एका थोर भौतिकशास्त्रज्ञाची पुण्यतिथी येते आणि ती बहुधा कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या शास्त्रज्ञ म्हणजे मारिया गोपर्ट-मायर. मादाम क्यूरींनंतर भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या दुसऱ्याच स्त्री. मादाम क्यूरींना ते १९०३ साली मिळाले आणि मारियाबाईंना १९६३ साली. मध्ये तब्बल साठ वर्षे गेली.

त्यांच्याविषयी लिहिण्याचे निमित्त अगदी साधे आहे. टीव्हीच्या रिमोटमध्ये, मोबाईलच्या चार्जरवर, दिवाळीच्या माळेत जो इवलासा दिवा असतो, त्याला आपण एलईडी म्हणतो. बाजारात तो चार-दोन रुपयांना मिळतो. या एवढ्याशा वस्तूचा उपयोग करून जगातल्या अतिशय क्षणिक अशा लेसरच्या झोताची लांबी मोजता येते आणि ती ज्या नियमावर मोजली जाते, तो नियम मारियाबाईंनी १९३० साली, लेसरचा जन्म होण्याच्या तीस वर्षे आधी, कागदावर मांडून ठेवला होता. ते कसे, हे पुढे येईलच. आधी त्यांचे चरित्र पाहू.

मारियाचा जन्म २८ जून १९०६ रोजी काटोवित्झ या गावी झाला. तेव्हा ते गाव जर्मनीत होते. १९२२ साली ते पोलंडमध्ये गेले आणि आज त्याला काटोवित्से म्हणतात. गाव जागचे हलले नाही, वरचे राज्य तेवढे बदलले. आपल्या गुडीहत्नूरकरांना यात नवल वाटू नये. आपल्या आजोबांचे गाव निजामाच्या राज्यात होते, वडिलांचे १९५६ नंतर आंध्र प्रदेशात आणि आपल्या मुलांचे २०१४ पासून तेलंगणात, पण वाडा तोच आणि विहीरही तीच.

मारिया चार वर्षांची असताना तिचे वडील फ्रीडरिख गोपर्ट यांना गटिंगन या विद्यापीठाच्या गावी बालरोगशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. त्यांच्या घराण्यात सहा पिढ्या प्राध्यापकी चालत आली होती. मारिया ही एकुलती एक मुलगी. सातव्या पिढीला मुलगा नाही म्हणून कोणी हळहळले असेल, तर ते तिचे वडील नक्कीच नव्हेत. मुलांनी धडपडावे, झाडावर चढावे, थोडे खरचटले तरी चालेल, अशा मताचे ते डॉक्टर होते. मोठेपणी नुसते घर सांभाळणारी बाई होऊ नकोस, असे त्यांनी मुलीला लहानपणीच बजावले होते. मुलीने ते मनावर घेतले.

मनावर घेणे सोपे होते, करणे कठीण. त्या काळी जर्मनीत मुलग्यांना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करणाऱ्या सरकारी शाळा होत्या. गटिंगनमध्ये मुलींसाठी तशी एकच छोटी खाजगी शाळा होती, तीही स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी चालवलेली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. दोन वर्षे झाली आणि १९२३ मध्ये जर्मनीत पैशाची किंमत इतकी घसरली की पावासाठी नोटांची पोती न्यावी लागू लागली. त्या महागाईत शाळाच बंद पडली.

आता काय करायचे? मुलग्यांच्या शाळेत जाऊन एक-दोन वर्षे जास्तीची काढावीत असा सल्ला मिळाला असता तर तो वावगा नव्हता. पण मारिया आणि तिच्या वर्गातल्या तीन-चार मुली एक वर्ष आधीच परीक्षेला बसल्या. त्याच परीक्षेला तीस मुलगे होते. निकाल लागला तेव्हा मुली सगळ्या पास झाल्या होत्या आणि तीस मुलग्यांपैकी एकच पास झाला होता. (आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलींच्या बाकांवरून टाळ्या पडल्या आणि मुलांच्या बाकांवरून पेपर फुटला असेल अशी शंका आली. तशी नोंद कुठेही नाही.)

१९२४ मध्ये मारियाने गटिंगन विद्यापीठात नाव घातले ते गणितासाठी. जगप्रसिद्ध गणिती डाव्हिड हिल्बर्ट हे गोपर्ट कुटुंबाचे शेजारी. पण लवकरच तिचा ओढा भौतिकशास्त्राकडे वळला. त्याला कारण माक्स बोर्न यांचा अभ्यासवर्ग. अणूच्या आतले नियम आपल्या रोजच्या जगाच्या नियमांपेक्षा निराळे आहेत, हे सांगणारे पुंजयांत्रिकी नावाचे शास्त्र नेमके त्याच वर्षांत आणि मोठ्या अंशी त्याच गावात आकार घेत होते. १९२७ साली वडील वारले. त्यांच्या माघारी ही पदवी पुरी करायचीच, असे मारियाने ठरवले.

घरात कर्ता माणूस राहिला नाही म्हणून आईने विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यात जो मायर नावाचा एक उंच अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ राहायला आला. जानेवारी १९३० मध्ये दोघांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी मारियाबाईंनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. परीक्षक तिघे : माक्स बोर्न, जेम्स फ्रांक आणि आडोल्फ विंडाउस. यांतल्या दोघांना तोवर नोबेल मिळालेले होते आणि बोर्न यांना ते पुढे १९५४ मध्ये मिळाले.

आता तो प्रबंध काय होता ते पाहू. इथे थोडे सावकाश वाचावे लागेल.

प्रकाश हा कणाकणांनी येतो. या कणाला फोटॉन म्हणतात. अणूने प्रकाश शोषायचा म्हणजे एका फोटॉनची ऊर्जा घेऊन खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढायचे. फोटॉनची ऊर्जा पायरीच्या उंचीपेक्षा कमी असेल तर अणू जागचा हलत नाही. असे कमी ऊर्जेचे फोटॉन एकामागून एक कितीही आले तरी उपयोग नाही. मारियाबाईंनी प्रश्न घातला : दोन फोटॉन अगदी एकाच वेळी आले तर? दोघांची ऊर्जा एकत्र होऊन अणू वर चढेल का? त्यांनी सगळे गणित मांडून दाखवले की चढेल. मात्र त्याची शक्यता फारच थोडी असेल.

दहीहंडी डोळ्यांसमोर आणा. हंडी एका माणसाच्या हाताला लागत नाही. एक जण येऊन उडी मारून गेला, मग दुसरा येऊन उडी मारून गेला, तरी हंडी फुटणार नाही. दोघे एकाच क्षणी तिथे हवेत, एकाच्या खांद्यावर दुसरा. आणि अणूच्या बाबतीत पहिला गडी दुसऱ्याची वाट पाहत उभा राहू शकत नाही, कारण मध्ये पाय टेकायला पायरीच नाही. त्यामुळे गल्लीत माणसे तुरळक असतील तर अशी जोडी जुळणे जवळजवळ अशक्य. गर्दी दाट असेल तर मात्र जोड्या भराभर जुळतात. गर्दी दुप्पट झाली की जोड्या चौपट होतात, तिप्पट झाली की नऊपट. हा वर्गाचा नियम लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

साध्या सूर्यप्रकाशात ही गर्दी किती विरळ असते? एक हिशोब असा आहे की भर उन्हात ठेवलेल्या चांगल्या रंगद्रव्याचा एक रेणू नेहमीच्या पद्धतीने सेकंदाला साधारण एक फोटॉन गिळतो. तोच रेणू दोन फोटॉन एकदम गिळेल तो सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा. म्हणजे १९३० साली हे पडताळून पाहण्याचा मार्गच नव्हता. प्रबंध १९३१ मध्ये जर्मन नियतकालिकात छापून आला आणि तिथेच राहिला.

तोवर मायर दांपत्य अमेरिकेत बाल्टिमोरला पोचले होते. जो यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नोकरी मिळाली. मारियाबाईंना नाही. विद्यापीठात नियम होता की एका घरातल्या दोघांना नोकरी द्यायची नाही. त्यात मंदीचे दिवस. जर्मन पत्रव्यवहार पाहण्यासाठी सहायक म्हणून त्यांना किरकोळ मानधन आणि बसायला एक जागा मिळाली. तिथे बसून त्यांनी संशोधन केले, विद्यार्थ्यांना शिकवले. अणूच्या गाभ्यातून दोन इलेक्ट्रॉन एकदम बाहेर पडू शकतील का, याचे गणित त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. आजही त्या विषयावरचे शोधनिबंध त्यांच्या निबंधापासून सुरुवात करतात.

नातलगांच्या नेमणुकीवर बंदी घालणारा नियम मुळात वाईट नाही, हे आपल्या विश्वस्त मंडळींना मी सांगायला नको. भाचे-पुतणे भरून संस्था बुडाल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. पण तो नियम तिथे कोणाच्या डोक्यावर बसला ते पाहिले पाहिजे. नवरा-बायको दोघेही पात्र असले तर दर वेळी घरी बसायची ती बायको. नियमात तसे लिहिलेले नव्हते, तरी होत असे तसेच.

आपल्याकडे त्याच सुमारास काय चालले होते? १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवलेल्या कमला भागवत या मराठी मुलीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे प्रमुख सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. ज्यांच्या शोधाचा आपण विज्ञान दिन करतो तेच हे रामन. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत, थेट बंगळूरला जाऊन धडकल्या आणि अटी घालून का होईना पण प्रवेश घेतला. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींना दार उघडले. त्याच कमला सोहोनी पुढे केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या आणि मोठ्या जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नावाजल्या. योगायोग असा की मारियाबाईंचे गुरू माक्स बोर्न हे नाझी सरकारने नोकरीवरून काढल्यानंतर रामन यांच्या निमंत्रणावरून १९३५-३६ मध्ये काही महिने त्याच बंगळूरच्या संस्थेत येऊन राहिले होते.

१९३७ मध्ये जो यांची हॉपकिन्समधली नोकरी गेली आणि मायर कुटुंब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. एव्हाना त्यांना एक मुलगी झाली होती, मुलगा त्याच धामधुमीत झाला. इथे मारियाबाईंना बसायला खोली मिळाली, पगार मात्र शून्य. नवरा-बायकोने मिळून सांख्यिकी यांत्रिकीवर एक पाठ्यपुस्तक लिहिले, ते १९४० मध्ये निघाले आणि अनेक वर्षे विद्यापीठांतून शिकवले गेले. डिसेंबर १९४१ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना रीतसर पगाराची पहिली नोकरी लागली. तीही अर्धवेळ, एका महिला महाविद्यालयात. पुढच्या वर्षी महायुद्धाच्या कामासाठी युरेनियमचे दोन प्रकार वेगळे करण्याच्या गटात त्यांना घेण्यात आले. ते काम प्रकाशाच्या साहाय्याने होईल का, हेही त्यांनी तपासले. त्या वेळी उत्तर नाही असे आले, कारण पुरेसा शुद्ध रंगाचा तीव्र प्रकाश देणारे साधनच नव्हते. लेसर आल्यावर तो मार्ग पुन्हा उघडला.

इथे जो मायर यांच्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. बायकोने भौतिकशास्त्र सोडावे असे त्यांना कधी वाटले नाही. उलट ती कंटाळली की तेच तिला पुन्हा टेबलाशी बसवत. त्यांच्या पगारातून घरकामाला बाई ठेवलेली असे. हे नसते तर मारियाबाईंचे काय झाले असते, याचा विचार पालकांनी जरूर करावा.

१९४६ मध्ये दोघे शिकागोला आले. तिथेही तोच नियम. विद्यापीठाने त्यांना सहयोगी प्राध्यापक नेमले, पण स्वयंसेवक म्हणून. म्हणजे वर्ग घ्या, विद्यार्थी तपासा, समित्यांवर बसा, पगार मात्र नाही. जवळच नव्याने निघालेल्या आर्गॉन प्रयोगशाळेने मात्र त्यांना अर्धवेळ पगारी जागा दिली. अणुगाभ्याचे शास्त्र आपल्याला फारसे येत नाही, असे त्या तेव्हा मोकळेपणाने सांगत. चाळिशीत त्यांनी ते शिकायला घेतले.

अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. विश्वात कोणती मूलद्रव्ये जास्त, कोणती कमी, याचे तक्ते चाळताना मारियाबाईंच्या लक्षात आले की काही ठराविक आकडे पुन्हा पुन्हा समोर येतात : २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. इतके प्रोटॉन किंवा इतके न्यूट्रॉन असले की गाभा विशेष स्थिर असतो. कथिलात ५० प्रोटॉन असतात आणि त्याचे दहा स्थिर प्रकार सापडतात, इतर कोणत्याही मूलद्रव्याचे इतके नाहीत. या आकड्यांना जादूचे आकडे असे नाव पडले. नावात थोडी थट्टा होती, कारण ते कुठून आले हे कोणालाच सांगता येत नव्हते.

गाभ्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर असावेत, एक थर भरला की स्थिरता येते, ही कल्पना जुनी होती. पण हिशोब २, ८, २० च्या पुढे जमत नव्हता. एक दिवस एन्रिको फर्मी मारियाबाईंच्या खोलीतून बाहेर पडता पडता सहज विचारून गेले की कण फिरतात आणि स्वतःभोवतीही गिरक्या घेतात, या दोन्हींचा परस्परांशी काही संबंध दिसतो का. फर्मींना फोन आला होता, ते घाईत होते. ते परत आले तोवर मारियाबाईंच्या मनात सगळे आकडे जागच्या जागी बसले होते.

त्यांनी हे आपल्या लेकीला जोडीनृत्याच्या उदाहरणाने समजावले होते. आपण मंगळागौरीची फुगडी घेऊ. एका मोठ्या अंगणात मुलींच्या जोड्या गोलगोल फिरताहेत, आतले रिंगण, त्याबाहेर दुसरे रिंगण. प्रत्येक जोडी स्वतःभोवतीही गरगरते, कोणी उजवीकडून, कोणी डावीकडून. ज्या दिशेने रिंगण जाते त्याच दिशेने गिरकी घेणे सोपे जाते, उलट्या दिशेने दमछाक होते. म्हणजे एकाच रिंगणातल्या जोड्यांचे दोन गट पडतात, कमी दमणाऱ्या आणि जास्त दमणाऱ्या. हा फरक धरला की थरांची उंची बदलते आणि २८, ५०, ८२, १२६ हे सगळे आकडे आपोआप बाहेर पडतात. थरांच्या या गोष्टीवरून शास्त्रज्ञ मंडळी गमतीने त्यांना कांद्याची देवी म्हणू लागली.

त्याच वेळी जर्मनीत हान्स येन्सन आणि त्यांचे दोन सहकारी स्वतंत्रपणे नेमक्या याच उत्तराला पोचले होते. हे कळल्यावर मारियाबाईंनी आपले टिपण त्यांच्या बरोबरीनेच छापावे, अशी संपादकांना विनंती केली. प्रत्यक्षात १९४९ मध्ये जर्मनांचे एक अंक आधी आले आणि यांचे नंतर. आपल्याकडे अशा प्रसंगी दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत. या दोघांनी पत्रव्यवहार केला, भेटले आणि १९५५ मध्ये मिळून पुस्तक लिहिले.

१९६० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने सॅन दिएगो येथे दोघांनाही प्राध्यापक म्हणून बोलावले, दोघांनाही पूर्ण पगार देऊन. लग्न होऊन अमेरिकेत आल्याला तीस वर्षे झाली होती. मारियाबाई चौपन्नाव्या वर्षात होत्या. तिथे जाऊन थोडेच दिवस झाले आणि त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातूनही त्या शिकवत राहिल्या. १९६३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा युजीन विग्नर यांना आणि उरलेला अर्धा मारियाबाई आणि येन्सन यांना मिळून जाहीर झाला. गावच्या वर्तमानपत्राने मथळा दिला तो असा की सॅन दिएगोच्या एका आईला नोबेल मिळाले. विग्नर किंवा येन्सन यांच्याबद्दल कोणा बाबांना नोबेल मिळाले असे कुठे छापून आल्याचे ऐकिवात नाही.

आता पुन्हा त्या पहिल्या प्रबंधाकडे येऊ. मे १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीचा पहिला लेसर पेटवला. पुढच्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत कायझर आणि गॅरेट यांनी लेसरचा लाल प्रकाश एका स्फटिकावर टाकला आणि स्फटिकातून निळा प्रकाश निघाला. निळ्या फोटॉनमध्ये लाल फोटॉनपेक्षा जास्त ऊर्जा असते. म्हणजे दोन लाल फोटॉन एकदम शोषले गेले होते. फोटॉनांची दाट गर्दी अखेर मिळाली होती आणि मारियाबाईंचे तीस वर्षांपूर्वीचे गणित खरे ठरले. पदार्थ दोन फोटॉन किती सहज गिळतो हे मोजण्याच्या एककाला आज त्यांच्या आडनावाच्या आद्याक्षरांवरून जीएम म्हणतात.

मग लेसरचे झोत अधिकाधिक आखूड होत गेले आणि नवा पेच उभा राहिला. आज फेम्टोसेकंदांचे झोत प्रयोगशाळांत सर्रास वापरले जातात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके तुकडे केल्यावर त्यातला एक. एका फेम्टोसेकंदाचे एका सेकंदाशी जे नाते, तेच एका सेकंदाचे सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांशी. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, पण ५० फेम्टोसेकंदांत तो जेमतेम १५ मायक्रोमीटर जातो. आपल्या शिवारातल्या कापसाचा एक तंतू साधारण तेवढाच जाड असतो.

हा झोत किती वेळ टिकला ते मोजायचे कशाने? प्रकाश पडल्यावर साध्या डायोडमधला विद्युतप्रवाह चढून उतरायलाच याच्या हजारो पट वेळ लागतो. मुंगी किती वेळात पुढून गेली हे भिंतीवरच्या तासकाट्याने मोजण्यासारखे ते आहे. मग युक्ती अशी काढली की झोतानेच झोत मोजायचा. अर्धपारदर्शक आरशाने त्याचे दोन सारखे भाग करायचे. एकाला सरळ वाटेने न्यायचे, दुसऱ्याला सरकत्या आरशावरून. मग दोन्ही पुन्हा एकत्र आणून एका ठिकाणी पाडायचे. आरसा एक मायक्रोमीटर सरकवला की जाऊन-येऊन वाट दोन मायक्रोमीटरने वाढते आणि तो भाग साडेसहा फेम्टोसेकंदांहून थोडा जास्त उशिरा पोचतो. म्हणजे वेळ मोजण्याऐवजी अंतर मोजायचे, जे कितीतरी सोपे आहे.

पण दोन भाग एकावर एक पडले की नाही हे कळायचे कसे? साधा डायोड फोटॉन नुसते मोजतो. जितका प्रकाश तितका प्रवाह. त्यामुळे त्याच्या आकड्यातून झोताचे रंग कळतील, लांबी कळणार नाही. इथे वर्गाच्या नियमाने वागणारा डायोड हवा. पूर्वी त्यासाठी खास स्फटिक लागत असे, तो नेमक्या कोनात बसवावा लागे आणि महागही पडे. १९९७ साली दोन निरनिराळ्या गटांनी दाखवून दिले की अर्धवाहकाचा साधा डायोड हे काम करतो. एकाने चक्क एलईडी वापरला, दुसऱ्याने गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचा बाजारी फोटोडायोड वापरून ६ फेम्टोसेकंदांचा झोत मोजला.

त्यातली खुबी अशी. एलईडी प्रकाश देतो, तसाच उलट वापरला तर प्रकाश पडल्यावर वीजही देतो. लाल एलईडीतली पायरी सुमारे १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट उंच असते. टायटॅनियम-सफायर लेसरच्या ८०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये ऊर्जा असते सुमारे १.५५. एकट्याची हंडी फुटत नाही. दोघे मिळून ३.१ होतात, मग फुटते. म्हणजे डायोडमधून जो काही प्रवाह येईल तो जवळजवळ सगळा जोड्यांचा. हिशोब करून पाहा. दोन झोत वेगवेगळ्या वेळी आले तर प्रत्येकाचा प्रवाह १ धरू, बेरीज २. दोन्ही नेमके एकावर एक पडले, लाटेवर लाट जुळली, तर लाटेची उंची दुप्पट, तीव्रता चौपट आणि जोड्या त्याच्या वर्गाने, म्हणजे १६ पट. सोळाला दोनाने भागा, आठ. आरसा सरकवत जाताना कागदावर उमटणाऱ्या आलेखाचे शिखर बाजूच्या सपाटीच्या आठपट भरले, की उपकरण नीट जुळले असे समजतात. हे सोळा ते दोन कितव्या मायक्रोमीटरला होते, यावरून झोताची लांबी निघते. डायोड स्वतः मंद असला तरी बिघडत नाही, कारण त्याला फक्त एकूण जोड्या मोजायच्या असतात.

हे मोजमाप परिपूर्ण मात्र नाही. झोताचा आकार आधी गृहीत धरावा लागतो आणि झोत उलटा करून टाकला तरी आलेख तोच येतो, त्यामुळे त्याचे तोंड कुठले आणि शेपूट कुठले हे यावरून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या, अधिक गुंतागुंतीच्या पद्धती आहेत. पण लेसर नीट लागला आहे की नाही हे रोज सकाळी पाहायला हा डायोड पुरतो. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि आपल्याला जवळ म्हणजे हैदराबाद विद्यापीठात फेम्टोसेकंद लेसरवर संशोधन चालते. दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्यांनी ही नावे वहीत लिहून ठेवावीत.

मारियाबाईंनी यातले फार थोडे पाहिले. २० फेब्रुवारी १९७२ रोजी सॅन दिएगो येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलंड यांना आखूड आणि अतितीव्र लेसर झोत तयार करण्याच्या पद्धतीसाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. भौतिकशास्त्रातल्या त्या तिसऱ्या स्त्री आणि आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात त्यांनी मारियाबाईंच्या त्या जुन्या कामाचा आधार घेतलेला होता. त्यानंतर २०२० मध्ये अँड्रिया गेझ आणि २०२३ मध्ये ॲन लुइलिए. लुइलिए यांचे काम तर फेम्टोसेकंदाहूनही हजारपट लहान अशा ॲटोसेकंदांच्या झोतांचे. तोवर सव्वाशे वर्षांच्या यादीत स्त्रिया एकूण पाच झाल्या.

लेसर आपल्या प्रयोगशाळेत नाही आणि कोणी खेळण्यातला लेसर आणून त्यात डोळे घालू नयेत. पण अर्धा प्रयोग आपल्यालाही करता येतो. पारदर्शक टोपीचा एक लाल एलईडी घ्या, त्याचे दोन पाय मल्टिमीटरला जोडा, मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा आणि एलईडी उन्हात धरा. काटा किंवा आकडा एक-दीड व्होल्टच्या आसपास जाईल. मग सावलीत येऊन त्याच एलईडीवर टीव्हीच्या रिमोटचा झोत मारा. रिमोटचा अवरक्त फोटॉन लाल पायरीला पुरत नाही आणि जोडी जुळण्याइतकी गर्दी रिमोटमध्ये नाही, म्हणून मीटर हलणार नाही. मल्टिमीटर प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या खणात आहे. सेल नवे घातले आहेत. मधल्या सुट्टीत ऊन चांगले असते, तेव्हा चार-चार जणांनी यावे, रिमोट मात्र घरून आणावा आणि संध्याकाळी न विसरता परत न्यावा.